स्टुअर्ट पर्वतरांगेतील ओपल क्षेत्र

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या वाळवंटी भागातील प्रसिद्ध रत्नक्षेत्र. ते ॲडिलेडच्या वायव्येस रस्त्याने सु. ८५० किमी. अंतरावर कूबर पीडी या गावाभोवती पसरले आहे. १८५८ मध्ये या प्रदेशातून गेलेल्या जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट या समन्वेषकाचे नाव रांगेस मिळाले. सपाट माथ्याच्या बुटक्या टेकड्या व तुटलेले कडे असे तिचे स्वरूप आहे.

ओपल ही जलयुक्त सिलिका होय. सु. ११ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या गाळापासून बनलेल्या शेल खडकाचा पुढे दीर्घकाळ अपक्षय झाला. त्यातून सुटलेली सिलिका पाण्याबरोबर झिरपून भेगांत व जीवाश्मांच्या पोकळ्यांत साचली. सिलिकेच्या सूक्ष्म गोलकांच्या नियमित रचनेमुळे ओपलात रंग खेळतात, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले.

पाण्यामुळे घडलेल्या या रत्नाचा शोधही पाण्याच्या टंचाईतूनच लागला. १९१५ च्या आरंभी जिम हचिसन व त्याचे सहकारी सोन्यासाठी या भागात फिरत होते. पाणी मिळविणे त्यांना सोन्याहून निकडीचे झाले होते. १ फेब्रुवारी रोजी हचिसनचा चौदा वर्षांचा मुलगा विल्यम याला पाण्याच्या शोधात असताना ओपलचे तुकडे सापडले. १९१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व व पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. त्यावरील कामगार व पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक येथे आले. उन्हाळ्यातील प्रखर उष्म्यापासून बचाव म्हणून त्यांनी टेकड्यांत घरे कोरली. आदिवासी भाषेतील ‘गोऱ्या माणसाचे बीळ’ अशा अर्थाच्या शब्दांवरून १९२० मध्ये वस्तीस कूबर पीडी हे नाव देण्यात आले.

जागतिक मंदीच्या काळात येथील उत्पादन घसरले. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी स्त्रीला ‘एट माइल’ येथे ओपल सापडल्यावर खाणकामास नवी चालना मिळाली. याच भागात १९५६ मध्ये सापडलेले ‘ऑलिंपिक ऑस्ट्रेलिस’ हे सु. १७,००० कॅरटचे ओपल विख्यात आहे. वस्ती वाढली, तरी पाण्याचा प्रश्न सुटला नाही; १९६० नंतरच्या दशकात खाऱ्या पाण्याचे सूर्याच्या उष्णतेने ऊर्ध्वपातन करणारे संयंत्र उभारावे लागले.

पाणवठ्यांची पिढीजात माहिती असणारे येथील मूळ रहिवासी खाणकामाच्या इतिहासात बराच काळ उपेक्षित राहिले. अंताकिरिन्या मातू-यांकुनिचाचारा लोकांचा या भूमीवरील पारंपरिक हक्क ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला.