गलबताचे अवयव आणि आपली भाषा

घर बांधताना आधी पाया घालतात, तसे गलबत बांधताना आधी पठाण मांडतात. पठाण म्हणजे गलबताच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले लांब, भक्कम लाकूड. गलबताचा कणाच म्हणा ना! पठाणाच्या पुढल्या टोकाशी वर चढत गेलेली ती नाळ. समुद्राची लाट पहिली झेलते ती हीच. पठाणावर दोन्ही अंगांनी बाकदार लाकडे उभी करतात, ते वांक; म्हणजे गलबताच्या बरगड्या. वांकांवर फळ्या बसल्या की गलबताला अंग येते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ घालून पाणी अडवीत. वर चालण्याफिरण्याची तक्तपोशी ते तुतक, आणि मागे दिशा राखणारे ते सुकाणू.

या शब्दांची कुळे पाहिली की कोकणच्या बंदरांचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. वांक हा आपल्या वाकण्याचाच सोयरा. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून आले. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’. गुराब या लढाऊ जहाजाचे नाव अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा! आरमार तर पोर्तुगीज ‘आर्मादा’चे. चौल, दाभोळ येथे देशोदेशीचे व्यापारी येत. त्यांच्या मालाबरोबर शब्दही उतरले आणि येथेच नांदू लागले.

गलबताला लाकूड हवे, म्हणून झाडांचा विचार आला. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची. परंतु ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली, ती बळाने तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड लागलेच तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे त्यात बजावले आहे. राज्याच्या गरजेपुढेही गरिबाच्या परसातील फणसाची किंमत राखणारी ही दृष्टी आपण विसरता कामा नये.

पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली तेथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे. जहाजावरील खलाशांची भाषा गोऱ्या अधिकाऱ्यांना उमगावी म्हणून टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास तिचा कोशच छापला. हुकूम देणाऱ्यालाही राबणाऱ्याचे शब्द शिकावे लागले, ते असे!

आज किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. साच्यातून निघणाऱ्या होडीला लाकडी वांक एकेक करून जोडावे लागत नाहीत. मग तो शब्द तरी कोणाच्या तोंडी राहणार? सुकाणू मात्र ‘सुकाणू समिती’च्या रूपाने सभागृहात जाऊन बसले, म्हणून वाचले. बाकीच्यांना असा आसरा नाही. ते वृद्ध सुतारांच्या व तांडेलांच्या स्मरणात आहेत. भगिनींनो, आपण लोणच्या-पापडांची प्रमाणे वहीत उतरवून ठेवतो. किनाऱ्यावर ज्यांचे माहेर वा सासर आहे त्यांनी त्याच वहीत घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून हे शब्दही टिपून ठेवावेत. पुढल्या पिढीला ते ऐकून कळणार नाहीत. निदान वाचून तरी कळतील.