नाव ठेवणं

आमच्या माण तालुक्यातल्या जुन्या बायकांची नावं ऐकली तर परक्याला वाटावं, हा मुलूख पाण्यानं भरलेला आहे. कृष्णा, गोदावरी, भागीरथी, चंद्रभागा, यमुना. आणि आमची माणगंगा तर पावसाळा सरला की कोरडी ठाक. ह्या साऱ्या नद्या डोक्यावर घागर घेऊन पाण्याला हेलपाटे घालायच्या! दुसरी नावं पंढरीच्या वाटेवरची. जना, मुक्ता, विठा, रखमा. रखमा म्हणजे रुक्मिणीच, तोंडातोंडी झिजलेली.

माझ्या वर्गात सुमन, शालन, मालन, कमल, विमल होत्या. सुमन म्हणजे फूल, विमल म्हणजे निर्मळ. पुढं घरोघर सुनीता, संगीता, मनीषा झाल्या. आता आर्या आणि स्वरा. पाळण्यात नाव सांगायचा मान आजही आत्याचाच, पण हल्ली ती आधी मोबाईल बघती.

काही नावं मात्र कानाला खडा लागावा तशी. धोंडाबाई, दगडाबाई. ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथं यमाची नजर पडू नये म्हणून असलं नाव ठेवत. नाव ओबडधोबड, पण आत माया. लेकरू जगावं एवढीच इच्छा. नकुशी, नकुसा ही नावं वरवर त्याच जातीची दिसतात. तशी ती नव्हेत. पोरीवर पोरी झाल्या की शेवटचीला ‘नको’ म्हणायचं, म्हणजे पुढचा पोरगा होतो, ही समजूत. धोंडाबाईनं जगावं म्हणून ते नाव, आणि नकुसाच्या पाठीवर दुसरी पोर येऊ नये म्हणून हे. एकीला देवाकडं मागितलेलं, दुसरीला तोंडावर नाकारलेलं. आणि हे नाव तिनं शाळेच्या हजेरीत रोज ‘हजर’ म्हणून कबूल करायचं.

२०११ साली आमच्या सातारा जिल्ह्यात अशा मुली हुडकल्या, तर २५० च्या वर निघाल्या. सरकारी कार्यक्रमात त्यांना नवी नावं दिली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्या शाळकरी पोरी. पण माझ्या थोरल्या आत्याच्या पिढीला असा कार्यक्रम कुठला?

आत्या नकुसाच. तिचं नाव लग्नात बदललं. सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘लक्ष्मी’ लिहिलं. बाईचं माहेरचं नाव पुसायची ही चाल मला एरवी पटत नाही, पण आत्याला ती फळली. सासरी तिला जन्मात कुणी नकुसा म्हटलं नाही.

आजोबा वारल्यावर वारसनोंदीत तिचं नाव लागलं ते मात्र जन्माचं. मग भावांच्या नावानं हक्कसोडपत्र करायला ती आली. कारकुनानं मोठ्यानं वाचलं, ‘लक्ष्मी ऊर्फ नकुसा’. तिनं पदर सारखा केला, विचारलं, “अंगठा कुठल्या नावावर करू?” कारकून म्हणाला, “एकच आहे की मावशी, कुठंही चालतंय.”

तिनं ‘नकुसा’वर अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.