हौद्यातील वस्ताद आणि पडद्यावरील द्वंद्व

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्या सोलापूरचा दिवस उगवे, त्याच शहराच्या पेठांतून पत्रा तालीम, पाणीवेस तालीम यांसारख्या तालमी नांदल्या. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीच्या हौद्यात वयाने उतरलेला वस्ताद शड्डू ठोकून उभा राहिला, की चपळाईचा हिशेब तो आधीच बेबाक करून टाकी. तरुण पठ्ठ्याची झेप अंगावर न घेता, अर्धे पाऊल बाजूस सरून तो प्रतिपक्षाचा दम खर्ची पाडी आणि मगच डावास हात घाली.

हीच विद्या आज पडद्यावरील द्वंद्वात पुनश्च उपयोगी पडते. २०११ चा 'डार्क सोल्स' हा जपानी व्हिडिओ खेळ काठिण्य कमी करण्याची मुभाच देत नाही. तथापि जाड ढाल, दुरून मारा करणारी मंत्रविद्या आणि २०२२ च्या 'एल्डन रिंग' या तशाच खेळामध्ये साह्यास बोलावता येणारे आत्मे, ही प्रौढ खेळाडूची कुमक होय. मंदावलेली बोटे शत्रूच्या प्रहारांचा क्रम पाठ करतात, दहादा हरतात, अकराव्यांदा नेमक्या क्षणापर्यंत थांबतात. वयाने वेग जप्त केला, तरी संयमाची सनद त्याच्या अखत्यारीत येत नाही.