जट (केस)

जट म्हणजे डोक्यावरील केस एकमेकांत घट्ट अडकून, त्यांत तेल, घाम, धूळ व मळ साचून तयार झालेला आणि विंचरून न सुटणारा गुंता होय. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस ‘प्लायका पोलोनिका’ किंवा ‘प्लायका न्यूरोपॅथिका’ असे म्हणतात. महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात जट ही देवीची खूण समजली जाते आणि ती कापल्यास देवीचा कोप होतो अशी समजूत आहे. या समजुतीमुळे केसांच्या निगेचा एक साधा प्रश्न अनेक स्त्रियांच्या बाबतीत आयुष्यभराचे ओझे ठरला आहे.

‘जट’ हा शब्द संस्कृत ‘जटा’ या शब्दापासून आला आहे. तथापि साधू-बैराग्यांच्या जटा हेतुपुरस्सर वाढवलेल्या असतात, तर जट ही बहुधा नकळत तयार होते. दोहोंची गल्लत केल्यामुळेच जटेला पावित्र्य चिकटले असावे.

जट कशी तयार होते

केस केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. केसाच्या बाहेरील थरावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. केस निरोगी असताना हे खवले मिटलेले राहतात व केस एकमेकांवरून सहज सरकतात. कडक ऊन, बोअरचे जड पाणी, कपड्यांच्या साबणाने न्हाणे, रंग किंवा रासायनिक प्रक्रिया यांमुळे केस कोरडे पडतात आणि खवले उघडतात. अशा राठ केसांना घासणे बसले की खवले एकमेकांत अडकतात. लोकर भिजवून चोळली म्हणजे तिचे बुरणूस होते, तसाच हा प्रकार आहे. केस डोक्यावर गोळा करून साबणाने जोराने चोळल्यास दाट व लांब केसांची जट क्वचित एका न्हाण्यातही होऊ शकते.

उवा-लिखा, टाळूवरील खरूज किंवा फोड, दीर्घ आजारपण, बाळंतपणानंतरची आबाळ आणि मानसिक आजारामुळे स्वतःकडे झालेले दुर्लक्ष ही जटेची आणखी काही कारणे आहेत. पाण्याची टंचाई असलेल्या भागात न्हाणे लांबणीवर पडते, हेही ध्यानात घ्यावे लागते. प्रारंभी बोटाएवढा असलेला गुंता ‘देवीची जट’ ठरला की त्याला फणी लावणे बंद होते आणि मग आजूबाजूचे केसही त्यात ओढले जातात. जट वाढण्याचे खरे कारण हेच आहे.

रेणुका, यल्लम्मा आणि जट

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे रेणुकेचे स्थान महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आहे. येथे देवीच्या केवळ मुखाची, तांदळ्याच्या रूपात पूजा होते. परशुरामाने आकाशवाणीची आज्ञा मोडून मागे वळून पाहिल्यामुळे देवीचे फक्त मुखच भूमीतून वर आले, अशी आख्यायिका आहे. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती येथील यल्लम्मा ही रेणुकाच होय, असे भाविक मानतात. जट आलेल्या मुलीला देवीने ‘बोलावले’ असे समजून तिला यल्लम्मेला वाहण्याची व जोगतीण करण्याची चाल प्रामुख्याने दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात होती. वाहिलेल्या मुलीचे लग्न होत नसे. जोगवा मागून तिला गुजराण करावी लागे आणि अनेकींच्या वाट्याला लैंगिक शोषण आले. जटेची भीती मात्र या प्रथेच्या क्षेत्रापुरती मर्यादित नाही.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 साली, कर्नाटकात 1982 साली आणि महाराष्ट्रात 2005 साली कायदे झाले. मुलीला देवाला वाहणे हा आज गुन्हा आहे. जट बाळगणे किंवा कापणे हा अर्थातच कायद्याचा विषय नाही. तेथे प्रश्न भीतीचा आहे.

शारीरिक परिणाम

मोठ्या जटेच्या वजनामुळे मान व डोके दुखते आणि टाळू ओढली जाते. जट आतून लवकर वाळत नाही. त्यामुळे दुर्गंधी, उवा, बुरशी व जखमा होतात आणि त्या वरून दिसतही नाहीत. कुशीवर झोपणेही अवघड होते.

सोडवणे व कापणे

गुंता नवा व सैल असेल तर तो सोडवता येतो. त्यासाठी केसांना खोबरेल तेल किंवा कंडिशनर भरपूर लावून काही वेळ मुरू द्यावे. नंतर टोकाकडून सुरुवात करून बोटांनी थोडे थोडे केस वेगळे करावेत व शेवटी रुंद दातांची फणी वापरावी. मुळाकडून ओढल्यास गुंता अधिक आवळतो. केस एकदा बुरणुसासारखे घट्ट झाले की कापण्यावाचून उपाय नसतो. टाळूबाहेरील केस निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू नसतात. त्यामुळे कापताना वेदना वा रक्तस्राव होत नाही. कात्री टाळूला लागू न देण्याची काळजी तेवढी घ्यावी लागते. टाळूवर जखमा असल्यास त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. नव्या केसांना सौम्य शाम्पू किंवा शिकेकाई वापरावी. रिठ्याने केस स्वच्छ होतात, परंतु कोरडे केस त्याने अधिक राठ होतात. न्हाताना केस डोक्यावर गोळा न करता खाली मोकळे सोडावेत, टॉवेलने रगडू नयेत आणि झोपताना सैल वेणी घालावी. न्हाण्यापूर्वी लावलेले खोबरेल तेल केसांत मुरून प्रथिनांची झीज कमी करते. आठवड्याच्या न्हाण्याआधी तेल लावण्याच्या घरगुती रीतीला असा आधार आहे.

जटा निर्मूलन

नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा निर्मूलनाचे काम करतात. पुण्यातील नंदिनी जाधव यांनी अनेक स्त्रियांना जटेतून मुक्त केले आहे. कात्रीचे काम थोड्या वेळात संपते. घरच्यांचे मन वळवण्यास मात्र अनेक भेटी लागू शकतात. जट काढल्यानंतर घरात कोणी आजारी पडले तर दोष त्या स्त्रीवर येईल, ही धास्ती खरी असते. म्हणून नंतरचा संपर्कही महत्त्वाचा ठरतो.

अन्य देशांत

पोलंडमध्ये जटेला ‘कोल्तून’ म्हणत. ती कापल्यास माणूस आंधळा होतो किंवा आजारी पडतो, असा तेथेही समज होता. एकोणिसाव्या शतकात क्राकुफचे वैद्य युझेफ डिट्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, असे प्रतिपादन करून त्याविरुद्ध मोहीम चालवली. श्रीलंकेतील कतरगामा येथील जटाधारी स्त्रियांवर मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेयेसेकेरे यांचा ‘मेडुसाज हेअर’ हा ग्रंथ 1981 साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांच्या जटेमागील वैयक्तिक दुःखाचा त्यांनी शोध घेतला आहे.

साहित्य व चित्रपट

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या जोगतिणी व जोगत्यांच्या जीवनावर आहेत. या कादंबऱ्या व चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर आधारित ‘जोगवा’ हा राजीव पाटील दिग्दर्शित चित्रपट 2009 साली प्रदर्शित झाला. त्यात सुली या मुलीच्या केसांत जट आढळल्यामुळे तिला देवीला वाहिले जाते. सुलीची भूमिका मुक्ता बर्वे यांनी केली आहे.