रक्ताची साक्ष

‘जुळणें’ हा शब्द आपल्या घरांतून बहुधा लग्नाच्या मोसमांत ऐकूं येतो. पत्रिका जुळली, गुण जुळले, घराणें पसंत पडलें, कीं पुढचीं बोलणीं सुरू होतात. नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्यानें जातांना कन्हान नदीच्या कांठीं मौदा लागतें. तेथेंही या शब्दाचा रूढ अर्थ एवढाच. परंतु ज्या घरांत एखाद्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत, आणि आठवड्यांतून दोनतीनदां रक्तशुद्धीसाठीं नागपूरच्या वाऱ्या घडत आहेत, त्या घरांत ‘जुळलें का?’ या प्रश्नाला निराळेंच वजन येतें. तेथें पत्रिका मांडणारा जोशी नसतो. प्रयोगशाळेंतील एक तंत्रज्ञ दात्याचें व रोग्याचें रक्त एकत्र आणतो, आणि त्यांचें एकमेकांशीं पटेल कीं नाहीं याची साक्ष त्या रक्तांकडूनच घेतो.

अवयवरोपणाचा इतिहास आजवर बहुधा शस्त्रवैद्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. १९६८च्या फेब्रुवारींत मुंबईच्या केईएम रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं मानवी हृदयाचें रोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. तरीही सेन यांचें नांव राहिलें, आणि तें राहावें हें योग्यच आहे. पण ज्या शास्त्रावांचून कुशलांतल्या कुशल हाताचें कामही फुकट जातें, त्या जुळणीच्या शास्त्राचा इतिहास शस्त्रक्रियागृहाबाहेर, कांचेच्या नळ्या व पेट्या यांच्या मेजावर घडला. त्यांतील एक प्रकरण मुंबईंत लिहिलें गेलें. आणि त्याचें एक मूळ तर बाळंतिणींच्या रक्तांत आहे.

कार्ल लँडस्टायनर यानें १९०१ सालीं व्हिएन्ना येथें रक्तगट प्रसिद्ध केले, ही गोष्ट शाळेंतील मुलांनाही ठाऊक असते. असें असूनही १९३३ सालीं युक्रेनमध्यें वोरोनॉय या शस्त्रवैद्यानें मृत मनुष्याचें मूत्रपिंड प्रथमच एका जिवंत रोग्यास बसविलें, तेव्हां दाता ‘बी’ गटाचा व रोगी ‘ओ’ गटाचा होता. रोगी दोन दिवसांत गेला. मृत्यूस आणखीही कारणें असतील; पण एवढें खरें कीं, आज मेजावरचा नवशिका तंत्रज्ञसुद्धां असा योग पहिल्याच पायरीवर मोडून काढील.

मुंबईचें प्रकरण १९५२ सालचें. परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी देशपांडे आणि भाटिया यांच्यासमोर कांहीं चमत्कारिक रक्तें आलीं. नेहमींच्या चांचणीनें त्यांचा गट ‘ओ’ असा निघे. परंतु ‘ओ’ गटाच्या माणसास ‘ओ’ गटाचें रक्त चालावें, हा जो नियम, तोच येथें लागू पडेना. या रक्तांतील पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ या सर्वांच्या लाल पेशींच्या गुठळ्या करी. एखाद्या घाईच्या माणसानें चांचणी बिघडली असें म्हणून नळी धुवून टाकली असती. या मंडळींनीं तसें केलें नाहीं. लंडनच्या रेस व सँगर यांच्यासारख्या तज्ज्ञांचें साह्य घेऊन त्यांनीं आपलें टिपण त्याच वर्षीं ‘लॅन्सेट’मध्यें छापलें, आणि जगाच्या वैद्यकांत ‘बॉम्बे रक्तगट’ हें नांव कायमचें रुजलें. ‘ओ’सह सर्वांच्या रक्तांत जो एक पायाभूत पदार्थ असतो, तोच या माणसांत नसतो. हिंदुस्थानांत असा मनुष्य सुमारें १०,०००त १ सांपडतो, आणि त्याला त्याच गटाच्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाचेंही रक्त चालत नाहीं. शहराचें नांव बदललें, रक्तगटाचें बदललें नाहीं.

या शोधाचें मर्म असें कीं, चिठ्ठीवर लिहिलेला गट हें केवळ अनुमान होय. प्रत्यक्ष देणाऱ्याच्या पेशी घेणाऱ्याच्या सीरममध्यें घालून पाहणें, ज्याला ‘क्रॉसमॅच’ म्हणतात, तेंच खरें प्रमाण.

मूत्रपिंडाच्या बाबतींत मात्र रक्तगट जुळल्यानेंही भागत नाहीं. बोस्टन येथें १९५४च्या डिसेंबरांत जोसेफ मरे यांनीं जें रोपण यशस्वी केलें तें एकरूप जुळ्या भावांत. तेथें परकेपणाचा प्रश्नच नव्हता. इतरांच्या बाबतींत तो परकेपणा मुख्यतः पांढऱ्या पेशींवरील खुणांत असतो. या खुणा मुलाला निम्म्या आईकडून व निम्म्या बापाकडून येतात. म्हणून आईबाप मुलाशीं नेहमींच अर्धे जुळतात. भावंडांत पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक, आणि मुळींच न जुळण्याचाही चारांत एक. सख्खा भाऊ या कसोटीवर परका ठरूं शकतो, हें आपल्या भाऊबंदकीच्या इतिहासांत कांहीं अगदींच नवें नव्हे!

या खुणा ओळखावयाच्या कशा? उत्तर बाळंतिणींनीं दिलें. गर्भाच्या अंगीं बापाकडून आलेल्या खुणा असतात. त्या आईला परक्या असल्यामुळें कित्येक मातांच्या, सर्वच नव्हे, रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडें तयार होतात. १९५८ सालीं हॉलंडमध्यें व्हान रूड आणि अमेरिकेंत रोझ पेन यांनीं हें दाखवून दिलें. पुढें अनेक वर्षें प्रयोगशाळांचें भांडवल हेंच होतें. अनेकदां प्रसूत झालेल्या स्त्रियांचें रक्त, वारेंतून घेतलेलें रक्त, त्यांतील सीरम पारखून, गोठवून, थेंबाथेंबानें वापरावयाचें. लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकी यांनीं १९६४ सालीं त्यासाठीं इवल्या खळग्यांची तबकडी काढली. महायुद्धांत जपानी वंशाचे म्हणून ज्यांना कुटुंबासह अमेरिकेनें स्थानबद्ध केलें होतें, ते हेच तेरासाकी. एका खळग्यांत सीरम मायक्रोलीटरभर, पेशी तितक्याच, वर तेलाचा थर, मग सशाचें सीरम, मग रंग. सीरममध्यें विरोधी प्रतिपिंडें असतील तर पेशी मरतात व रंग घेतात; जिवंत राहिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं मोत्यासारख्या चमकतात. तंत्रज्ञ एकेक खळगा पाहून आंकडा लिहितो: १ म्हणजे निर्वेध, ८ म्हणजे जवळजवळ सगळा संहार.

या आंकड्याची किंमत १९६९ सालीं कळली. पटेल आणि तेरासाकी यांनीं मूत्रपिंडरोपणांचा हिशेब मांडला. ज्या ३० रोग्यांत क्रॉसमॅच विरुद्ध गेला होता त्यांपैकीं २४ जणांचें नवें मूत्रपिंड तत्काळ निकामी झालें; जेथें तो अनुकूल होता अशा १९५त अवघीं ८. तेव्हांपासून तंत्रज्ञाच्या नकारास तोडीचा दुसरा शब्द या साऱ्या व्यवहारांत उरला नाहीं.

आज कामाचीं साधनें पालटलीं आहेत. खुणा आतां डीएनएवरून वाचतात, प्रतिपिंडें रंगीत मण्यांवर यंत्रानें मोजतात. पण रात्र तीच आहे. मेंदू मृत झालेल्या रोग्याच्या आप्तांनीं संमति दिली कीं रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेंत येतात आणि तासांचा हिशेब सुरू होतो. कारण शरीराबाहेर काढलेलें मूत्रपिंड बर्फांत ठेवलें तरी फार तर दीडएक दिवस टिकतें. विदर्भांतील वाटप नागपूरची विभागीय समन्वय समिति पाहते. यादींतील ज्यांचा क्रम लागतो त्यांना निरोप जातो. मौद्याचा मनुष्य तासाभरांत पोहोंचूं शकतो. गडचिरोलीच्या आंतल्या गांवचा कसा पोहोंचणार? जुळणींत अंतराचाही असा एक गुण धरावा लागतो, आणि तो कोणत्याही तबकडींत दिसत नाहीं.

या इतिहासांतील जें प्रस्तुत लेखकास सर्वांत बोचतें तें असें. १९९४चा मानवी अवयवरोपणाचा कायदा आरंभीं ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. त्या कायद्यानें जवळच्या नातलगांत आईबाप, मुलें, भावंडें यांच्या जोडीला पतिपत्नीही धरलीं. कायद्यास दोघेही सारखे, रक्तास नव्हेत. पत्नीनें पतीस मूत्रपिंड द्यावयाचें तर गट जुळला कीं बहुधा मार्ग मोकळा असतो. परंतु तीच पत्नी आजारी पडली आणि पति देण्यास तयार झाला, तर तिच्या बाळंतपणांनीं मागें ठेवलेलीं प्रतिपिंडें कित्येकदां आड येतात. तिनें ज्या मुलांना जन्म दिला त्यांच्या अंगच्या बापाच्या खुणांविरुद्ध तीं उभीं असतात. म्हणून पतीचें मूत्रपिंडही चालत नाहीं, आणि पुष्कळदां त्या मुलांचेंही नाहीं. ज्या मातांच्या रक्तानें हें शास्त्र उभें राहिलें त्यांच्यासारख्याच मातांना रांगेंत मागें राहावें लागतें. आपल्या घरांतून मूत्रपिंड देण्यास बहुतेक बायकाच पुढें होतात, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा विरोध अधिकच तीव्र वाटतो. वारंवार रक्त घ्यावें लागणाऱ्यांचीही गति अशीच होते. विदर्भांत हा विचार विशेष महत्त्वाचा. कारण येथें सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील सिकलसेलविषयीं ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें तें १९५८ सालींच, म्हणजे व्हान रूड मातांचें सीरम तपाशीत होता त्याच वर्षीं.

या कोंडींतून एक वाट कायद्यानेंच २०११च्या दुरुस्तींत काढली. एका घरचा पति आपल्या पत्नीस देऊं शकत नाहीं, दुसऱ्या घरचाही नाहीं. तर पहिल्यानें दुसरीस द्यावें, दुसऱ्यानें पहिलीस. आपल्याकडे सोयरिकींतील साटेंलोटें जुनें आहे, तेव्हां ही कल्पना समजावून सांगण्यास फारसे श्रम पडत नाहींत. मात्र दोन्ही शस्त्रक्रिया शक्यतों एकाच वेळीं होतात. कारण एका घरानें घेतल्यावर दुसऱ्यानें माघार घेतली तर दाद कोणाकडे मागावयाची? आणि त्याआधीं चौघांचीं रक्तें पुन्हां मेजावर येतात, पहिल्याच्या पेशी दुसरीच्या सीरममध्यें, दुसऱ्याच्या पहिलीच्या, आणि चारही माणसें बाहेर बांकावर बसून असतात.