सामाईक उताऱ्यावर नाव आहे, पण हिस्सा किती? सीमाभागातील वारसांसाठी माहिती

शेत निपाणीकडे, एक भाऊ पुण्यात, बहीण कोल्हापुरात दिलेली. वडील गेले की उताऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "सही करून टाक, नुसती कागदाची बाब आहे." ती सही कशावर होते आहे, हे आधी कळायला हवं.

वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?
हिंदू वारसा कायदा 1956 हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू आहे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. लग्न झालं म्हणून तो जात नाही. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते.

उदाहरण घेऊ. वडिलोपार्जित शेत 5 एकर. घरात आई-वडील, दोन मुलगे, एक मुलगी. वडिलांचा हिस्सा 1 एकर धरला जातो. मृत्युपत्र केलं तरी ते त्या 1 एकरापुरतंच चालेल. मृत्युपत्र नसेल तर तो एकर आई आणि तीन मुलं यांच्यात सारखा वाटला जाऊन प्रत्येकाला सव्वा एकर येतो. तेच शेत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असेल, तर ते सगळंच मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात.

एकाने हिस्सा विकला तर?
सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, इतरांचा नाही. वारसाने आलेल्या मिळकतीतला हिस्सा विकायचा झाल्यास पहिल्या वर्गातील इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे (कलम 22). राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला घरच्यांसोबत ताब्याचा हक्क सांगता येत नाही. नवरा-बायकोच्या नावावरचा फ्लॅटही एकाच्या मागे आपोआप दुसऱ्याचा होत नाही. गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

गोव्याचा हिशोब वेगळा
गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे आणि वारसासाठी आता गोव्याचा 2012 चा कायदा आहे. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. मुलं असतील तर माणसाला स्वतःच्या निम्म्यापैकी फक्त अर्धाच भाग मृत्युपत्राने देता येतो. उरलेल्यावर मुलगा-मुलगी यांचा सारखा हक्क. गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर असली तरी त्याच्या वारसाला हाच कायदा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल आहे.

सही करण्यापूर्वी
- वारसा नोंद (मध्य प्रदेशात नामांतरण, गुजरातेत वारसाई) ही महसुलासाठी असते. नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही, नाव राहिलं म्हणून हक्क बुडत नाही.
- हक्कसोडपत्र मात्र हक्कच काढून घेतं. त्याची नोंदणी लागते. वारसा अर्जाच्या गठ्ठ्यात तो कागद आहे का, बघा.
- कागद कन्नडमध्ये असेल तर विश्वासातल्या माणसाकडून शब्दन् शब्द समजून घ्या.
- दुसऱ्या राज्यात राहून कुलमुखत्यारपत्र देत असाल, तर विक्रीचा आणि हक्कसोडीचा अधिकार त्यात घातलाय का ते तपासा.
- वाटणीचा दावा जिथे जमीन आहे तिथल्या कोर्टात चालतो. मुद्रांक शुल्कही त्याच राज्याचं.

एका भावाचा ताबा हा सर्वसाधारणपणे सगळ्यांच्या वतीने मानला जातो. पण "तुझा काही संबंध नाही" असं उघड सांगून हाकलल्यावर गप्प बसू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून दाव्याची मुदत 12 वर्षं आहे. प्रत्येक घरचे कागद वेगळे असतात, तेव्हा उतारा, जुने फेरफार आणि वंशावळ घेऊन वकिलाला भेटा आणि मगच सही करा.