मिरची रुजली, टर्की का नाही?

टर्कीच्या खिम्याचे मसालेदार कटलेट मध्य प्रदेशातल्या मनावर गावच्या एखाद्या घरात तव्यावर पडले, तर बघणारा म्हणेल, हा पदार्थ परमुलखातला. मला हे पटत नाही. त्या तव्यावर परका आहे तो फक्त पक्षी. बाकी सारे या मुलखाने केव्हाच आपलेसे केले आहे. पक्षी परका राहिला त्याचा दोष चवीला किंवा धर्माला देण्याची रीत आहे, पण खरे कारण परसातल्या खुराड्यात सापडते.

मनावर ज्या धार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या मांडवगडावर सुलतान घियासशाहाने (कारकीर्द 1469 ते 1500) ‘निमतनामा’ हा पाककृतींचा सचित्र ग्रंथ लिहवून घेतला. मुलगा नासिरशाह गादीवर आल्यावर तो पुरा झाला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात खिमा आहे, कबाब आहेत, खिमा भरलेले समोसे आहेत. आले, कांदा, वेलची, लवंग आणि हिंगाचा वास दिलेले तूप आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो नाहीत, कारण अमेरिकेतली ही पिके घेऊन येणारी पोर्तुगीज जहाजे अजून इकडे पोचायची होती. म्हणजे मांस बारीक करून, मसाला लावून तुपात परतण्याची रीत इंग्रजांची वाट पाहत थांबली नव्हती. कटलेट हे नाव आणि वरून पावाचा चुरा लावण्याची तऱ्हा गोऱ्यांच्या स्वयंपाकघरातून आली, हे मान्यच आहे. 1818 साली इंग्रज आणि होळकर यांच्यात मंदसोरचा तह झाला, जवळच महूला इंग्रजांची छावणी बसली, आणि अशा छावण्यांतून ते खाणे संस्थानी शहरांच्या ओळखीचे झाले. पण यावर कोणी विचारील, सुलतानाच्या मुदपाकखान्याचा पुरावा गावातल्या चुलीला कसा लावता? आक्षेप रास्त आहे. कस्तुरी-कापूर घालणाऱ्या स्वयंपाकावरून निमाडातल्या, म्हणजे मनावरच्या या मुलखातल्या, शेतकऱ्याचे ताट कळत नाही. त्यासाठी शेताकडेच वळावे लागते.

आणि शेताची साक्ष स्पष्ट आहे. मका अमेरिकेतला, पण धार-झाबुआच्या भिल्ल वस्त्यांत मक्याच्या पिठाच्या दाल-पानियेशिवाय पाहुणचार होत नाही. मिरची अमेरिकेतली, पण आज निमाडाची ओळखच मिरची आहे. शेजारच्या खरगोन जिल्ह्यातली बेडियाची बाजारपेठ तिच्यावरच चालते. टर्कीही त्याच खंडातली, मेक्सिकोकडची, आणि त्याच पोर्तुगीजांबरोबर आलेली. 1612 साली दरबारी सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून मुघल बादशहा जहांगीरासाठी जे नवलाईचे प्राणी आणले, त्यांत ती होती. बादशहाने आठवणींत तिचे बारकाईने वर्णन केले आहे: लांडोरीपेक्षा मोठी, मोरापेक्षा लहान, माजावर आली की डोके-मान पोवळ्यासारखी लाल, मग कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी, आणि डोक्यावरचे मांस हत्तीच्या सोंडेसारखे लोंबणारे. दरबारी चित्रकार मन्सूरने तिचे चित्र काढले. रूप आणि रंग यांची इतकी नोंद, पण चवीबद्दल अक्षर नाही. पुढे पाच वर्षांनी, 1617 मध्ये, हाच बादशहा कित्येक महिने मांडवगडावर राहिला. तरी टर्की या मुलखात उतरली नाही. मला इथे फरक दिसतो तो वाटेचा. मिरचीचे बी मूठभर असले तरी हातोहात, शेतातून शेतात जाते. टर्की नजराणा म्हणून दरबारात गेली आणि तिथेच राहिली.

पण दरबारातले बरेच काही पुढे लोकांत झिरपते; मग टर्कीच का अडली? धर्माची आडकाठी म्हणावी, तर कोंबडी खाणाऱ्या घराला टर्की निषिद्ध असल्याचे कारण दिसत नाही. हवा मानवत नाही म्हणावे, तर मेक्सिकोची उष्णता काही कमी नाही, आणि आज तामिळनाडू-केरळात टर्की पाळली जाते. खरी अडचण पिलांची आहे. टर्कीचे पिलू नाजूक, त्याला प्रथिनांचा खुराक लागतो. आणि कोंबड्यांच्या सोबत वाढवले, तर कोंबडीच्या पोटातल्या जंतांमार्फत येणारा यकृताचा रोग कोंबडीला फारसा भोवत नाही, टर्कीला मात्र मारतो. ज्या घराच्या अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरतात, तिथे ती टिकणे अवघड. याउलट याच डोंगरपट्ट्यातला कडकनाथ कोंबडा, ज्याला लोक कालीमासी म्हणतात, स्वतः उकरून पोट भरतो. 2018 साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळाले. गरीब घराने असा पक्षी निवडला, यात मागासलेपणा नाही, पक्का हिशेब आहे.

त्यामुळे आज शहरातून टर्कीचा खिमा आणून कोणी कटलेट केले, तर तो हौसेचा खर्च असला तरी नक्कल नव्हे. या मांसात चरबी कमी, ते लवकर कोरडे पडते. म्हणून भिजवून घट्ट पिळलेला पाव आणि थोडा उकडलेला बटाटा घालावा, आले-लसूण-हिरव्या मिरचीचे वाटण, बारीक कांदा, कोथिंबीर, गरम मसाला घालून मळावे, चपटे थापून रव्यात घोळवावे, आणि मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत उलथणे लावू नये. मिरची निमाडाची असली तर उत्तमच. टर्की नाही मिळाली तर कोंबडीचा खिमा घ्यावा. बाकीचा एकही जिन्नस बदलावा लागत नाही.